सीहॉर्स एक्सएफई96 : श्वास चोख मोजतं, पेशीची दुखरी नस आपणच शोधायची

अजिलंटचं सीहॉर्स एक्सएफई96 हे यंत्र जिवंत पेशी किती ऑक्सिजन घेतात आणि भोवतालचं मीडियम, म्हणजे पोषक द्रव, किती आंबट करतात, हे 96 वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये एकाच वेळी मोजतं. मूळ कंपनी मॅसॅच्युसेट्सची सीहॉर्स बायोसायन्स. अजिलंटने ती 2015 मध्ये विकत घेतली. कर्करोगाच्या चयापचयावरच्या पेपरमध्ये या यंत्राचा पायऱ्यापायऱ्यांचा आलेख हमखास भेटतो. यंत्र बऱ्याच करामती करतं, पण हे परीक्षण त्यातल्या एकाच कामाचं आहे : अमुक जनुक बिघडलेल्या पेशींचं अमुक इंधनावाचून अडतं, हे दाखवायला ते किती उपयोगी पडतं? श्वसन मोजण्यात त्याला तोड नाही. मात्र ‘कमजोरी सापडली’ म्हणून जे यंत्राच्या नावावर खपवलं जातं, ते अनेकदा बाटलीतल्या मीडियमचं कर्तृत्व असतं.

कसोटीला घेतलेला दाखला फुप्फुसाच्या कर्करोगातल्या कीप1 जनुकाचा. कीप1 प्रथिनाचं रोजचं काम म्हणजे एनआरएफ2 या प्रथिनाला धरून त्याची विल्हेवाट लावायला पाठवणं. कीप1 बिघडलं की एनआरएफ2 साचतं, आणि ते ज्या जनुकांना जागं करतं त्यांत एसएलसी7ए11 हे एक आहे. त्यातून बनणारा एक्ससीटी वाहक अदलाबदलीवर चालतो : एक सिस्टीन आत, एक ग्लुटामेट बाहेर. सिस्टीन मिळाल्याने पेशीचं ग्लुटाथायोन, म्हणजे ऑक्सिडीकरणाविरुद्धची ढाल, तगडं होतं, पण ग्लुटामेटची गंगाजळी आटते. क्रेब्स चक्राला लागणारं अल्फा-कीटोग्लुटारेट त्याच ग्लुटामेटमधून येतं, त्यामुळे ग्लुटामिनपासून ग्लुटामेट बनवणाऱ्या ग्लुटामिनेज या एन्झाइमवर सगळी भिस्त येते. सीबी-839, म्हणजे टेलाग्लेनास्टॅट, नेमकं हेच एन्झाइम रोखतं. केरास हे कर्करोगाला चालना देणारं जनुक आणि कीप1 दोन्ही बिघडलेल्या उंदरांच्या गाठी ग्लुटामिनेज रोखल्यावर मंदावतात, हे 2017 मध्ये दाखवलं गेलं आणि औषधाभोवती मोठी आशा उभी राहिली.

पेशी ए549 घ्याव्यात, म्हणजे फुप्फुसाच्या कर्करोगाच्या, कीप1 बिघडलेल्या. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून त्या मिळतात, त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेक प्रयोगशाळांच्या फ्रीझरमध्ये त्या असतातच.

तयारी आदल्या दिवशी सुरू होते. सेन्सर कार्ट्रिजखालच्या युटिलिटी प्लेटमध्ये दर वेलला 200 मायक्रोलिटर कॅलिब्रंट घालून ती रात्रभर 37 अंशांवर, कार्बन डायऑक्साइड नसलेल्या इनक्युबेटरमध्ये ठेवायची. हे इनक्युबेटर स्वतंत्रच हवं. पेशींच्या नेहमीच्या इनक्युबेटरमध्ये ठेवली तर कॅलिब्रंटचा सामू ढळतो आणि आम्लतेच्या सेन्सरचं कॅलिब्रेशन सुरुवातीलाच फसतं. कोरड्या इनक्युबेटरमध्ये रात्रीतून पाणी उडतं, म्हणून आत पाण्याचा ट्रे ठेवायचा. सेन्सर अर्धवट भिजले तर सॉफ्टवेअर काही वेलवर लाल खूण करतं, आणि मग सेन्सरला नावं ठेवली जातात. दोष सेन्सरचा नसतो.

पेशी 80 मायक्रोलिटरमध्ये पेरायच्या आणि प्लेट लगेच इनक्युबेटरमध्ये ढकलायची नाही. तासभर बाकावर, खोलीच्या तापमानाला स्थिर ठेवली की पेशी सारख्या पसरून बसतात. घाई केली तर कडेला कडं करून बसतात आणि मधोमध टक्कल पडतं. सेन्सर पेशींच्या अगदी जवळ, सुमारे 200 मायक्रॉनवर उतरतो आणि खाली जेमतेम दोन-सव्वादोन मायक्रोलिटरची तात्पुरती कोठडी तयार होते. त्यामुळे पेरणीतली असमानता थेट आकड्यात उतरते. संख्येसाठी वेलला 10, 15 आणि 20 हजार अशा तीन घनता एकदा लावून बघाव्यात. मूळ ओसीआर, म्हणजे ऑक्सिजन घेण्याचा वेग, मिनिटाला 50 ते 150 पिकोमोलच्या पट्ट्यात असावा. केवळ ओसीआर बघून थांबू नका. ऑक्सिजनच्या पातळीचा कच्चा आलेख उघडा. दर मोजणीच्या आरंभी पातळी 150 मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास परत यायला हवी. येत नसेल तर पेशी जास्त झाल्यात, आणि श्वसन कमालीला नेणारं एफसीसीपी पडल्यावर त्या ऑक्सिजन संपवून गुदमरतील. कमाल श्वसन ‘कमी’ दिसण्याचं हे एक नेहमीचं खोटं कारण.

चार कोपरे, ए1, ए12, एच1 आणि एच12, पार्श्वभूमीसाठी राखीव. तिथे पेशी नकोत, पण मीडियम हवंच. हाती 92 वेल उरतात, आणि कडेचे वेल मुळातच जरा लहरी असतात. शंकेखोराने महत्त्वाची तुलना आतल्या वेलमध्ये ठेवावी आणि एका गटाचे सगळे वेल एकाच स्तंभात कोंबू नयेत.

मोजणीच्या दिवशी मीडियम बदलताना वेल पूर्ण रिकामा करायचा नाही. 20 मायक्रोलिटर ठेवून बाकीचं काढायचं, दोनदा धुवायचं आणि शेवटी एकूण 180 मायक्रोलिटर करायचं. मग 45 ते 60 मिनिटं पुन्हा बिनकार्बनच्या इनक्युबेटरमध्ये.

आता पोर्ट, म्हणजे कार्ट्रिजमधले औषध भरायचे कप्पे. पोर्ट ए मध्ये सीबी-839 किंवा नियंत्रण म्हणून तेवढंच डीएमएसओ (औषधाचा द्रावक), 20 मायक्रोलिटर. बी मध्ये एटीपी बनवणं थांबवणारं ऑलिगोमायसिन 22, सी मध्ये एफसीसीपी 25 आणि डी मध्ये श्वसनसाखळी बंद करणारं रोटेनोन-अँटिमायसिन 27 मायक्रोलिटर. दरवेळी वेलमधला द्रव वाढत जातो म्हणून हे वाढते आकडे. सगळं दहापट तीव्र बनवायचं. या औषधांच्या तयार संचात, म्हणजे माइटो स्ट्रेस टेस्टच्या पाकिटात, 63 नॅनोमोल ऑलिगोमायसिन असतं. ते 630 मायक्रोलिटर मीडियममध्ये विरघळवलं की 100 मायक्रोमोलर होतं, त्यातले 450 मायक्रोलिटर घेऊन 3 मिलिलिटर केले की 15 मायक्रोमोलर, म्हणजे वेलमध्ये शेवटी 1.5. एफसीसीपी 72 नॅनोमोल, ते 720 मायक्रोलिटरमध्ये. रोटेनोन आणि अँटिमायसिन प्रत्येकी 27 नॅनोमोल, 540 मायक्रोलिटरमध्ये, म्हणजे 50 मायक्रोमोलर. वेलमध्ये शेवटी 0.5. विरघळवलेलं त्याच दिवशी वापरा, उरलेलं गोठवून पुढच्या आठवड्यासाठी राखून ठेवायचा मोह नको. सीबी-839 शेवटी 1 मायक्रोमोलर पुरे, आणि डीएमएसओ 0.1 टक्क्याच्या आत.

नवख्यांचा सगळ्यात महागात पडणारा घोटाळा इथेच होतो. यंत्र हवेच्या दाबाने औषध ढकलतं आणि दाब एका अक्षराच्या सगळ्या पोर्टना एकदम बसतो. पोर्ट ए काही वेलमध्ये भरला आणि काही ठिकाणी रिकामा सोडला, तर हवा रिकाम्या वाटेने निसटते आणि भरलेल्या पोर्टमधलं औषध अर्धवट पडतं किंवा पडतच नाही. म्हणून एक अक्षर वापरलं की त्या अक्षराचे 96 पोर्ट भरायचे, कोपऱ्यातल्या पार्श्वभूमीच्या वेलसकट. औषध नसेल तिथे निव्वळ मीडियम. रन संपल्यावर कार्ट्रिज दिव्यासमोर धरून पोर्ट खरंच रिकामे झाले का ते डोळ्यांनी बघणं हा अर्ध्या मिनिटाचा उद्योग आहे आणि तो कुणी करत नाही. भरलेलं कार्ट्रिज उचलताना झटका द्यायचा नाही, बुडबुडा घालवायला टिचकी मारायची नाही. थेंब आधीच खाली गळतो.

एफसीसीपीचा डोस दर पेशीप्रकाराला वेगळा. 0.125 ते 2 मायक्रोमोलरपर्यंत पायऱ्या लावून शिखर शोधावं लागतं, कारण जास्त झालं की श्वसन वाढण्याऐवजी कोसळतं. मीडियममध्ये अल्ब्युमिन असेल तर ते एफसीसीपी धरून ठेवतं आणि शिखर उजवीकडे सरकतं. शिवाय काही कर्करोगी पेशींत ऑलिगोमायसिन आधी दिल्याने कमाल श्वसन खरं आहे त्यापेक्षा कमी दिसतं. यावर उपाय सोपा आहे : सहाएक वेलमध्ये पोर्ट बी ला ऑलिगोमायसिनऐवजी मीडियम ठेवायचं आणि तिथलं कमाल श्वसन ताडून बघायचं. पेपरांत हे क्वचित केलेलं आढळतं.

यंत्राची एक गैरसोय आपल्या हवेत जास्त जाणवते. त्याला आतून तापवता येतं, थंड करता येत नाही. मे महिन्यात वातानुकूलन बंद पडलेल्या खोलीत तबक 37 च्या वर सरकतं आणि श्वसन तापमानाबरोबर चढतं. खोली 25 अंशांच्या आत हवी, यंत्र आदल्या संध्याकाळीच चालू ठेवायचं, आणि यूपीएसविना तर लावूच नये. कॅलिब्रेशननंतर वीज गेली तर भरलेलं कार्ट्रिज वाया.

हे सगळं नीट केलं की आलेख सुंदर येतो. सीबी-839 नंतर तीनाऐवजी सहा मोजण्या घ्याव्यात, परिणाम स्थिरावायला वेळ लागतो. मूळ श्वसनातली घट बेताची असू शकते. एफसीसीपीने मागणी वाढवली की इंधनाचा तुटवडा जास्त उघडा पडतो. इथपर्यंत यंत्राला पैकीच्या पैकी गुण.

खरी गोम मीडियममध्ये आहे. नेहमीच्या शिफारशीत एक्सएफ डीएमईएम या तयार मीडियममध्ये 10 मिलिमोलर ग्लुकोज, 2 मिलिमोलर ग्लुटामिन आणि 1 मिलिमोलर पायरुवेट घालतात. पायरुवेट थेट मायटोकॉन्ड्रियात जातं आणि ग्लुटामिनची उणीव काही अंशी भरून काढतं. माणसाच्या रक्तात ते याच्या दहाव्या हिश्श्याइतकं किंवा त्याहून कमी असतं. म्हणजे पायरुवेट ठेवलं तर कमजोरी झाकली जाते, काढलं तर फुगते. दोन्ही प्रकारे रन लावून दोन्ही आलेख छापणं हाच प्रामाणिक मार्ग.

सिस्टीनचं प्रकरण याहून गंभीर. डीएमईएममध्ये सिस्टीन सुमारे 200 मायक्रोमोलर, रक्तातल्यापेक्षा कितीतरी जास्त. मघाची अदलाबदल आठवा : बाहेर सिस्टीन जितकं जास्त, तितका ग्लुटामेट बाहेर फेकला जाणार आणि तितकीच ग्लुटामिनेजची गरज वाढणार. 2017 मध्येच हे दाखवलं गेलं होतं की ए549 पेशी प्रौढ गाईगुरांच्या सीरममध्ये वाढवल्या तर ग्लुटामिनेजवाचून त्यांचं फारसं अडत नाही, आणि त्यात सिस्टीन वाढवलं की पुन्हा अडू लागतं. म्हणजे आपण जिला जनुकाची कमजोरी म्हणतो तिच्यात बाटलीचाही वाटा आहे. कीप1 बिघडल्याने वाहक वाढतो हे खरंच. पण वाहकाला ओढायला माल लागतो, आणि तो आपण ओतलेला असतो. म्हणून या प्रयोगात सिस्टीनचे निदान दोन स्तर ठेवल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. एक्ससीटी रोखणारं इरॅस्टिन किंवा सल्फासॅलाझीन घातल्यावर सीबी-839 चा मार ओसरतो का, हेही बघावं. ओसरला तर कारणाची साखळी बरोबर जुळली. डायमिथाइल अल्फा-कीटोग्लुटारेटने श्वसन सावरलं तर आणखी पक्कं, फक्त ते घातल्यावर मीडियमचा सामू पुन्हा 7.4 वर आणायला विसरू नका.

रक्ताशी मिळतंजुळतं एचपीएलएम वापरावं असं इथे कुणी सुचवेल. सूचना रास्त आहे. त्यात ग्लुकोज 5 मिलिमोलर आणि ग्लुटामिन 0.55 मिलिमोलर आहे. पण त्यात बायकार्बोनेटही आहे आणि सीहॉर्समध्ये कार्बन डायऑक्साइड नसतो. वायू उडून जातो, सामू चढत राहतो आणि आम्लतेचा आकडा, म्हणजे ईसीएआर, निरर्थक होतो. बायकार्बोनेट वगळून, सामू सांभाळणारं सौम्य हेपेस घालून मीडियम स्वतः बनवावं लागतं. पेशी मात्र आधी काही दिवस पूर्ण एचपीएलएममध्येच वाढवलेल्या हव्यात. तासाभराची आंघोळ पुरत नाही.

ईसीएआरबद्दल जाता जाता : तो आकडा म्हणजे लॅक्टेट नव्हे. श्वसनातून निघणारा कार्बन डायऑक्साइडही मीडियम आंबट करतो. ग्लायकोलिसिसबद्दल दावा करायचा असेल तर तो वाटा वजा करणारी ग्लायकोलायटिक रेट चाचणी लावा. फॅटी आम्लं जाळणं रोखायला इटोमॉक्सिर वापरणाऱ्यांनी 4 मायक्रोमोलरच्या आसपास राहावं. 200 मायक्रोमोलरला ते श्वसनसाखळीचा पहिला टप्पाच रोखतं आणि मग कुठलीही पेशी ‘चरबीवर जगणारी’ ठरते.

आता पेशींबद्दल एक कडक शब्द. ए549 विरुद्ध एच1299 (फुप्फुसाच्याच कर्करोगाच्या, पण कीप1 धड असलेल्या पेशी) अशी जोडी लावून ‘कीप1 मुळे फरक पडला’ असं लिहिलेलं सर्रास वाचायला मिळतं. ए549 मध्ये केरास जी12एस, एलकेबी1, कीप1 आणि एसएमएआरसीए4 एवढी बिघडलेली आहेत, शिवाय सीडीकेएन2ए आणि त्याच्या शेजारचं एमटॅप ही जनुकं गायब. एच1299 मध्ये एनरास बिघडलेलं आणि पी53 नाही. एलकेबी1 आणि एसएमएआरसीए4 ही दोन्ही जनुकं स्वतःच मायटोकॉन्ड्रियाच्या श्वसनाशी खेळतात. अशा दोन पेशींच्या तुलनेतून एका जनुकावर बोट ठेवणं हा अंदाजपंचे कारभार झाला. त्याच ए549 मध्ये धडधाकट कीप1 परत घालायचं, शेजारी निकामी रूप घातलेलं नियंत्रण ठेवायचं, आणि वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रथिन तपासायच्या चाचणीत, एनआरएफ2 खरंच उतरलं का ते बघून मगच प्लेट लावायची. मोजणी झाल्यावर होकस्ट या रंगाने केंद्रकं मोजून आकडे पेशींच्या संख्येवर आणावेत. प्रथिनाच्या मापावर विसंबू नये. जनुक बदलल्यावर पेशीचं आकारमान बदललं तर भाजकच हलतो.

यंत्राला काय दिसत नाही, हे खरेदीआधी कळलेलं बरं. मघाचंच एमटॅप घ्या. ते नसल्याने पेशीत एमटीए नावाचं रसायन साचतं, ते पीआरएमटी5 एन्झाइमला अर्धवट दाबून ठेवतं, आणि उरलेलं पीआरएमटी5 रोखलं की पेशी कोलमडते. ही खणखणीत चयापचयी कमजोरी, ए549 मध्ये समोर बसलेली, आणि ओसीआरच्या आलेखात तिचा मागमूस नाही. आयडीएच1 बिघडल्यावर बनणारं 2-हायड्रॉक्सीग्लुटारेटही इथे दिसणार नाही. त्याला मास स्पेक्ट्रोमीटर हवा. आणि या जनुकाच्या वाटेने तर औषधं रुग्णापर्यंत पोचली : आयव्होसिडेनिबला अमेरिकेत 2018 मध्ये रक्ताच्या कर्करोगासाठी, व्होरासिडेनिबला 2024 मध्ये मेंदूतल्या गाठींसाठी मान्यता मिळाली.

उलट, सीहॉर्सवर झकास आलेख देणाऱ्या दोन औषधांचं काय झालं तेही बघा. टेलाग्लेनास्टॅटची कीप1-एनआरएफ2 बिघडलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगातली कीपसेक ही चाचणी फायदा दिसत नसल्याने 2021 मध्ये थांबवली गेली. श्वसनसाखळीचा पहिला टप्पा रोखणारं आयएसीएस-010759 माणसांत लॅक्टेट वाढ आणि नसांच्या त्रासामुळे पहिल्या टप्प्यापुढे गेलं नाही. श्वसन घटणं आणि पेशी मरणं यांत मोठं अंतर आहे. पेशी मरणं आणि रुग्ण बरा होणं यांतलं त्याहून मोठं. निदान पहिलं अंतर तरी प्रयोगशाळेतच मोजता येतं : त्याच मीडियममध्ये, त्याच डोसला 72 तासांची वाढ-चाचणी, आणि जमलं तर पाचही कार्बनवर खूण केलेलं ग्लुटामिन देऊन मॅलेट-सायट्रेटमध्ये ती खूण किती उतरते याचा माग. ही दोन कामं न करता नुसता सीहॉर्सचा आलेख आला, तर परीक्षकाने पेपर परत पाठवावा.

घ्यावं का? महिन्याला चार-पाच प्लेट नियमित लागत असतील आणि एक माणूस यावर कायम बसणार असेल तर जरूर. एक्सएफ प्रो हे नवं भावंड बाजारात आहे आणि कार्ट्रिज-प्लेट दोघांना एकच चालतात, त्यामुळे पुढे यंत्र बदललं तरी साठा वाया जात नाही. खरा खर्च यंत्राचा नाही, फ्लक्सपॅकचा आहे. एका खोक्यात 18 कार्ट्रिज, प्रत्येक एकदाच वापरायचं. धुऊन पुन्हा वापरणारे आहेत, पण पोर्टमध्ये ऑलिगोमायसिन चिकटून राहिलं तर पुढच्या रनची मूळ रेघच खाली बसते. मुदतीची तारीख बघून मागवा. आयातीत महिने जातात. ज्यांना वर्षातून दोन-तीन प्रश्नच विचारायचे आहेत त्यांनी आठ वेलच्या छोट्या एचएस मिनीच्या भानगडीत पडू नये : पार्श्वभूमीचे दोन वजा जाता सहा वेल उरतात, त्यात दोन पेशीप्रकार आणि दोन सिस्टीन स्तर बसवले की दर गटाला दुसरी प्रतसुद्धा पुरत नाही. त्यांच्यासाठी सामायिक सुविधेतलं 96 वेलचं यंत्र बरं. थोड्याच नमुन्यांचं बारकाईने काम असेल तर इन्सब्रुकच्या ओरोबोरोसचं दोन कक्षांचं ओ2के. त्यात औषध हाताने हवं तेवढ्या वेळा टोचता येतं, एफसीसीपीचं शिखर एकाच नमुन्यात गाठता येतं, पण पेशी तरंगत्या कराव्या लागतात आणि दिवसाला मोजकेच नमुने होतात.

सामायिक सुविधेत वेळ नोंदवताना लागोपाठचे दोन दिवस मागा, पहिला निव्वळ घनता आणि एफसीसीपीच्या पायऱ्यांसाठी. बिनकार्बनचं इनक्युबेटर त्याच मजल्यावर आहे का, खोलीचं तापमान किती राहतं आणि होकस्टनंतर प्लेट मोजायला इमेजर मिळेल का, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्या.